त्रेसष्टावा हात

— नाही, तो कागद आधी बाजूला ठेवा. कपड्याचं काम घेऊन आलात ना? मग कपड्याचं बोला. कागदाचं नंतर बघू. बघू म्हणालो, हो म्हणालेलो नाही. दोन पंचांनी सह्या केल्या म्हणून तिसऱ्यानं करायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय? बेकरीवाल्यानं केली, तो कशावरही करतो. मुख्याध्यापकांनी केली, ते रिटायर झालेत, त्यांना कुणी काही विचारलं की बरं वाटतं. राहिलो मी. आणि मला ठाऊक आहे, माझी सही नसेल तर तुमच्या आईची पेटी चर्चच्या आत येत नाही, पाळक दफनभूमीच्या फाटकाशी उभे राहून दोन ओळी म्हणतात आणि संपलं. नियम आहे तो. मंडळीनं ज्याला वेगळं बसवलं त्याला तिघा पंचांच्या सहीशिवाय आत आणायचं नाही. मी केलेला नाही नियम. म्हणजे — ठराव मांडला होता मीच, पण केला सगळ्यांनी.

आणा इकडे तो झगा. हां, निळा. हा माझाच आहे. नऊ वर्षांपूर्वी शिवलाय, गायकवृंदासाठी — गायकांना साधे आणि ऑर्गनबाईला हा. आमच्याकडे तिला नावानं कोण हाक मारायचं? ऑर्गनबाईच. तुम्हालासुद्धा ऑर्गनबाईची मुलगी म्हणायचे, आठवतं का, की शहरात गेल्यावर विसरलात? किती आत घ्यायचाय? चार बोटं? दोन्ही बाजूंनी? एवढी वाळली होती? अहो, मग सांगायचं नाही का कुणाला — बरं, कुणाला सांगणार म्हणा. काल सकाळी गेली ना? कळलं मला. वाईट झालं. हे मी मनापासून म्हणतोय, तोंडदेखलं बोलायची सवय नाही मला. पण माणूस गेला म्हणून त्यानं केलेलं पुसलं जात नाही, एवढंच.

ही घ्या पावती. नाव, माप, आजची तारीख. थांबलात तर तासाभरात देतो, पण पावती आधी — पावतीशिवाय मी सुईत दोरा ओवत नाही. काय बघताय? खाली लिहिलंय ते? आमेन. सवय आहे माझी. आमचे बाबा लिहायचे, ह्याच टेबलावर, ह्याच पेन्सिलीनं — म्हणजे पेन्सिल वेगळी, पण अशीच. काम हातात घेतलं की ते नीट पार पडो, असं मनात म्हणायचं आणि खाली आमेन लिहायचं. एकतीस वर्षं झाली मला. पावती असो, धोब्याची यादी असो, विजेच्या कचेरीला तक्रार असो, हात आपोआप जातो. बायको हसते. हसू दे. गिऱ्हाइकंही हसतात, पण कपडे इथंच टाकतात. तिकडे सरका जरा, उजेड अडतोय.

तुम्हाला वाटत असेल हा म्हातारा किती दुष्ट. वाटू द्या. तुमच्यासारखी माणसं बाहेर जातात, चार पुस्तकं वाचतात आणि परत येऊन आम्हाला शिकवतात — चर्चनं राजकारणात पडू नये. का पडू नये? राजकारण आमच्या दारात येऊन पडलं तेव्हा कुणी विचारलं का आम्हाला? नदीकाठच्या गोदामात तो नाचाचा हॉल झाला, आमची पोरं शनिवारी तिथं आणि रविवारी उपासनेत जांभया देत. शाळेतली सकाळची प्रार्थना बंद केली, मुख्याध्यापक तेव्हा कामावर होते, रडले होते बिचारे. रविवारी दुकानं उघडी ठेवायची परवानगी आली. मी उघडलं का? एक रविवार उघडलं नाही. समोरच्या रेडिमेडवाल्यानं उघडलं. तेव्हा आम्ही सात जण उपासनेनंतर मागच्या खोलीत बसलो, चहाचं भांडं मध्ये ठेवून, आणि पक्ष काढला. हसताय? लोकही हसले. आम्हाला ‘रविवारवाले’ म्हणायचे. आमचा फलक ह्या हातांनी शिवलाय, पांढऱ्यावर पिवळा दिवा. मोठे पक्ष फलक छापून आणतात. आमचा टाक्यांचा आहे, अजून धुतला तरी रंग जात नाही.

आणि तुमच्या आईनं काय केलं पहिल्याच वार्षिक सभेत? उभी राहिली आणि विचारलं, ‘मागच्या खोलीत पक्षाचे फलक ठेवलेत, मग गाणाऱ्यांनी कोट टांगायचे कुठं?’ एवढंच. सगळी सभा खो खो हसली. दंतवैद्य लालबुंद झाला — आमचा उमेदवार, पाळकांचा मेहुणा, तो हो, ज्याच्या दवाखान्यात मासा आहे काचेत. तो ते कधी विसरला नाही. मीसुद्धा हसलो होतो त्या दिवशी, खोटं कशाला बोलू. पण हसणं वेगळं आणि — ही शिवण बघा, कशी धरलीये, नऊ वर्षांत एक टाका हललेला नाही. उसवायला जीव होत नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक नाही. आईनं सांगितलं असेल तिच्या बाजूचं. नाही सांगितलं? काहीच नाही? हं. तशीच होती ती, तोंड मिटलं की मिटलं. मग ऐका. आमचा वॉर्ड दोनशे मतांचा, उभे राहिले पाच जण, त्यामुळे साठ-पासष्ट मतं मिळाली की जागा खिशात. मंडळीबाहेरचं एक मत आम्हाला मिळणार नव्हतं, हे दंतवैद्यालाही ठाऊक होतं. म्हणून मतदानाच्या आदल्या रविवारी पाळकांनी प्रवचन केलं. काय प्रवचन होतं! म्हणाले, मत म्हणजे कागद नव्हे, मत ही प्रार्थना आहे, पडद्यामागं तुम्ही एकटे नसता. माझ्या अंगावर काटा आला होता. मग म्हणाले, जे आपल्या उमेदवारासाठी ही प्रार्थना करणार आहेत त्यांनी गीत चालू असताना हात वर करावा. मी मोजले. पाळकांनी मोजले. दोघांचे बासष्ट, माझा धरून. आणि त्रेसष्टावी ऑर्गनवर. तिचे दोन्ही हात वाजवण्यात — हात वर कसा करणार? केला असता तर गीत थांबलं असतं. म्हणून आम्ही तिचा धरून चाललो. पाळक म्हणाले, तिचा धरा. त्रेसष्ट.

आणि निकाल काय लागला? सायकलवाला, म्हणजे सायकल निशाणीचा, त्रेसष्ट. दंतवैद्य बासष्ट. बाद एक. एका मतानं! ते एक पडलं असतं तर बरोबरी झाली असती, चिठ्ठी टाकली असती, आणि चिठ्ठी काय माणसाच्या हातात असते? चिठ्ठी आमचीच निघाली असती. असं दंतवैद्य म्हणतो. अजून म्हणतो, दाढ उपटताना म्हणतो, माणसाचं तोंड उघडं आणि हा मतं मोजतोय.

तर मग सांगा, बासष्ट हात सगळ्यांनी पाहिलेत, न दिसलेला हात कुणाचा? आता माझ्याकडे असं बघू नका. मी नुसता पक्षाचा माणूस म्हणून मोजणीच्या टेबलाशी होतो. बाहेर आलो तर दंतवैद्यानं माझा कोट धरला, बाद झालेल्यावर काय होतं म्हणाला. मी सांगितलं. शिवी होती, म्हणालो. पक्षाला शिवी लिहिली होती कुणीतरी. बस. कुणाचं नाव घेतलं नाही मी. एका शब्दानं घेतलं नाही. नाव सगळ्यांनी आपापलं काढलं, आणि ते एकच निघालं, त्याला मी काय करू?

बोलावलं तिला पंचांपुढं. त्याच मागच्या खोलीत. पाळक म्हणाले, बाई, नुसतं सांगा, तुम्ही मत कुणाला दिलं, की विषय संपला. तिनं काय म्हणावं? ‘पाळकसाहेब, तिथं पडदा लावतात तो कशाला?’ झालं! साधं सांगायला काय होत होतं? ‘दिलं तुम्हालाच’ — तीन सेकंदांचं काम. मुख्याध्यापक तर हात जोडून म्हणाले, बाई, सांगून टाका. नाही. ताठ मान. मग ठराव. ऑर्गनला कुलूप, बाईंनी शेवटच्या बाकावर बसायचं, पश्चात्ताप करीपर्यंत मंडळीनं बोलायचं नाही. शिकायला येणारी अकरा मुलं होती तिच्याकडे, पंधरा दिवसांत एक उरलं नाही. ती किल्ली दिसते का, कात्रीशेजारच्या खिळ्यावर? ती ऑर्गनची. आठ महिने तिथंच आहे. हल्ली बेकरीवाला सूर देतो आणि आम्ही सगळे त्याच्यामागं खड्ड्यात जातो.

पण आली हं ती. एक रविवार चुकवला नाही. मला वाटलं होतं चार दिवसांत दुसऱ्या चर्चला जाईल, सुटका होईल — तिची, म्हणजे, तिचीच. नाही. शेवटचा बाक. मी दाराशी उभा असतो, पंच म्हणून, त्यामुळे मला ती बाजूनं दिसायची. गीत सुरू झालं की तिची बोटं मांडीवर चालायची. दोन्ही हातांची. पायसुद्धा. आवाज काही नाही. आणि शेवटचं कडवं झालं की हात असे उचलायची, हलके, आणि मांडीवर ठेवायची. मी बघायचो नाही. बघायचं नाही असं ठरवलं होतं.

हात वर करा जरा. नाही, तुम्ही नाही, मी आपला अंदाज घेतोय, तुमचा बांधा तिच्यासारखाच आहे. ह्या बाह्या बघा. काखेत किती कापड सोडलंय मी. आली होती माप द्यायला तेव्हा म्हणाली, वरच्या पट्ट्यांपर्यंत हात पोचला पाहिजे, शिवण ओढली की सूर चुकतो. तीनदा बसवून बघितलं, इथं टेबलावर बोटं चालवायला लावली. आता आत घ्यायचा म्हणता तर बाह्यापण घ्याव्या लागतील. आता कुठं पोचायचंय हाताला.

घेतो. घेतो म्हणालो ना. घाई करू नका.

आणि तुम्ही मघापासून गप्प आहात ते काही चांगलं लक्षण नाही. आईसारखंच. मला वाटतं तुम्हाला असं वाटतंय की मी मुद्दाम — अहो, मला काय कमी त्रास झालाय? त्या मोजणीच्या टेबलाशी तुम्ही असायला हवं होतं! पाच पक्षांची पाच माणसं, मधे तो अधिकारी, चष्मा नाकाच्या टोकावर. एकेक मत उचलायचा, दाखवायचा, गठ्ठ्यात टाकायचा. आमचा गठ्ठा वाढतोय, मी मनात मोजतोय, आणि ते एक आलं. त्यानं उचलून धरलं. आमच्या दिव्याच्या निशाणीसमोर खूण बरोबर, अगदी चौकोनाच्या आत, आणि खाली बारीक अक्षरात — तो म्हणाला, खुणेशिवाय काही लिहिलं असेल तर बाद, नियम आहे. मी म्हणालो, अहो पण खूण तर दिव्यासमोरच आहे! म्हणाला, नियम. आणि सायकलवाल्याचा माणूस असा हसायला लागला, म्हणाला, हा गडी तर प्रार्थना पुरी करूनच गेला की —

काय?

हो, शिवीच. शिवीलाच हसले ते.

प्रार्थना कधी म्हणालो मी? तुम्ही नीट ऐकलं नाही. मशीनचा आवाज होतो — बरं, मशीन बंद आहे. बंद आहे, ठीक. ती पावती कशाला वर धरताय? खाली ठेवा. पावती काय बघायची आहे त्यात, माप आहे नुसतं. खाली ठेव म्हणतो ना!

काय लिहिणार मग माणूस? सांग! प्रार्थना संपली की काय म्हणतो आपण? पाळक म्हणाले ना, मत ही प्रार्थना आहे — हात वर करणाऱ्या त्या बासष्टांत कुणी ऐकलं होतं का ते नीट? मी ऐकलं होतं. मी एकट्यानं! पडद्यामागं गेलो, पेन्सिल दोरीला बांधलेली, खूण केली, डोळे मिटले आणि हात आपोआप — एकतीस वर्षं! एकतीस वर्षं जातोय तो खाली! सगळ्या वॉर्डात माझ्याइतकं मनापासून कुणी मत दिलं नसेल. आणि तेच बाद. पक्ष मी काढला, फलक मी शिवला, आणि पक्ष पाडला कुणी तर — आणि हे जाऊन दंतवैद्याला सांगायचं? सात जणांतला मी एक. माझ्या आमेननं पक्ष पडला, हे सांगायचं?

सांगणार होतो. देवाशपथ सांगणार होतो. पहिल्या रविवारी सांगणार होतो, तोवर सगळे ऑर्गनकडे बघायला लागले होते. मग म्हटलं, तीच म्हणेल ना, मी दिलं म्हणून, मग दुसरं कुणाकडे तरी बघतील, मग विसरतील. ती म्हणेचना! तिच्या त्या पडद्यापायी मी अडकलो. आणि ठराव मांडायला कुणी पुढं होईना, सगळे माझ्याकडे बघायला लागले, मी मोजणीला होतो ना. मी गप्प बसलो असतो तर विचारलं असतं, का गप्प. म्हणून मांडला.

एकदाच आली ती इथं, त्यानंतर. कोट आखूड करायचा होता. पावती दिली मी, नेहमीसारखी. तिनं वाचली. खालच्या शब्दावरून बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘अक्षर बाकी छान आहे हो तुमचं.’ एवढंच बोलली आणि गेली. का म्हणाली असं? निकालाचा तक्ता महिनाभर निवडणूक कचेरीच्या फळ्यावर होता, बाद मतापुढं शेरा लिहिलेला, त्यात तो शब्द जसाच्या तसा. आपल्यातलं कुणी वाचायला गेलं नाही. दंतवैद्य तर त्या रस्त्यानं जाईना. तीच गेली असेल. तिला सगळं वाचायची खोड होती. मग बोलली का नाही? मला पाळकांपुढं उभं का नाही केलं? मी वाट बघत होतो, ठाऊक आहे? दर रविवारी दाराशी वाट बघायचो, आज उठेल, आज सांगेल. ती बोटं चालवायची.

आणि हेही ऐकून घे, कारण तुला कुणी सांगणार नाही. बासष्ट मतं पडली. माझं त्यात नाही, माझं बाद. मग उरलेले हात किती? एकसष्ट. कर हिशोब, शिकलेली आहेस. बासष्टावं कुणाचं? तिचंच! दिलं होतं तिनं. कोट टांगायला जागा नव्हती तरी, दंतवैद्य डोळ्यांसमोर नको व्हायचा तरी, दिलं होतं तिनं दिव्यालाच. मोजणीच्या टेबलाशी मला त्याच मिनिटाला कळलं होतं. आठ महिने हे मला एकट्याला ठाऊक आहे. लहान असताना तू इथं टेबलाखाली बसून चिंध्या गोळा करायचीस, आठवतं? अशी बघू नकोस माझ्याकडे.

हा घे झगा. झाला. बाजू आत घेतल्यात, चार-चार बोटं. बाह्यांना हात लावला नाही. तशाच आहेत, ढिल्या. राहू दे.

आणि आण तो कागद. आण, करतो सही. पेटी आत येईल, पुढं वेदीपाशी ठेवा, सगळे येतील, मी आणतो सगळ्यांना. ही केली. बघ, नीट वाचता येईल अशी केली.

काय? अजून काय लिहायचं खाली?

नाही. ते नाही. बाकी काही लिहितो. ‘बाईंची चूक नव्हती’ लिहू? बरं, तेही नको, पाळक विचारतील कशावरून. पण तो शब्द नाही लिहिणार मी, आज नाही. का म्हणजे? तो लिहिला की कागद बाद होतो, कळलं ना तुला! म्हाताऱ्या माणसाचा अंत बघू नये. मंडळीत माझा मुलगा आहे, सून आहे, नातवंडाचा बाप्तिस्मा व्हायचाय. तुझी आई तर गेली, तिला आता काय फरक पडतो, सांग? पेटी आत येतेय ना? मग झालं की. सही दिली, झगा दिला, आणखी काय हवंय तुम्हा लोकांना? जा आता. जा. दुकान बंद करायचंय मला. दार ओढून घे, वारा येतो.

— अहो! कागद राहिला तुमचा! इथं टेबलावर! सही केलेला कागद — अहो ताई, ह्याच्याशिवाय आत घेणार नाहीत तिला!

पावती? पावती कुठंय? इथंच ठेवली होती की तिनं.

आणि तिकडे कुठं निघाली? घर डावीकडे आहे हिचं. उजवीकडे तर काहीच नाही, शाळा आणि कचेरी —

ए पोरी! अगं, कचेरी बंद झाली असेल! पाचला बंद होते!

साडेतीनच वाजलेत.